पंधरा तारखेनंतरची कामं

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सायकलकडे बघायला मला फुरसत नसते. मी पोस्टाची एजंट आहे, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतली. साताऱ्यात ओळखणारे सरळ ‘आरडीवाल्या काकू’ म्हणतात. ज्यांची खाती महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेली आहेत, त्यांचा हप्ता दर महिन्याला १५च्या आत पोस्टात पडावा लागतो. नाहीतर शंभरामागे एक रुपया दंड. माझ्याकडची बहुतेक खाती अशीच. त्यामुळे लोकांचे पगार झाले की माझी धावपळ सुरू. सदर बझार, गोडोली, शाहूपुरी, तिथून राजवाडा, आणि कुणाच्या दाराला कुलूप निघालं की संध्याकाळी तीच फेरी पुन्हा. उरलेल्या खात्यांना महिनाअखेरपर्यंत मुदत असते, म्हणून १५ तारखेनंतर दोन-चार दिवस जरा सैल मिळतात. ते सायकलचे.

कमिशन शंभराला चार रुपये. म्हणजे पाचशेच्या हप्त्यावर वीस रुपये सुटतात, आणि त्या पाचशेसाठी दोनदा हेलपाटा पडला तर त्यातले निम्मे पेट्रोलपंपावर जातात. म्हणून स्कूटर विकली. साधी सायकल मला लहानपणापासून येते. पण पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे वरच्या रस्त्याने जा नाहीतर खालच्या, चढ काही चुकत नाही, आणि पन्नाशी ओलांडलेले गुडघे तो चढ रोज रोज ऐकून घेत नाहीत. ई-सायकल घरात आली ती अशी हिशेबातून. हौस मागाहून लागली.

सायकल तशी साधीच. मागच्या चाकाच्या हबमध्ये २५० वॉटची मोटर, फ्रेमच्या तिरक्या नळीवर किल्लीने अडकणारी ३६ व्होल्टची बॅटरी, मागे सात गिअर, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक, हँडलवर छोटा डिस्प्ले. वजन वीस किलोच्या वर, त्यामुळे पायऱ्या चढवायच्या झाल्या तर शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. सिग्नलला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. लायसन्स लागतं का? नाही लागत. मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर कायद्याने ती मोटार वाहन धरली जात नाही, नंबरप्लेटही नको. (वेगाचं बंधन काढून देणारे कारागीर आहेत. पण ते काढलं की कायद्याचं हे संरक्षणही गेलं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.) दुसरा प्रश्न, बॅटरी किती वर्षं जाते? चेनला तेल कधी घालता, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मला विचाराल तर विचारायचा प्रश्न तोच आहे. साध्या सायकलचं दुखणं बसणाऱ्याला पायांतून कळतं. टायरमधली हवा उतरली, ब्रेक घासायला लागला, चेन सुकली की पाय लगेच कुरकुरतात आणि माणूस खाली उतरून बघतो. मोटर आली की ही कुरकुर बंद होते. सायकल जड झाली तर मोटर निमूटपणे जास्त वीज ओढते आणि वर बसलेल्याला वाटतं सगळं झकास चाललंय. कळतं ते एवढंच, की परवापर्यंत दोन दिवस पुरणारी बॅटरी आता दीड दिवसात रिकामी होते. मग नावं ठेवली जातात बॅटरीला. ‘या बॅटऱ्या असल्याच हो’ म्हणणाऱ्या ओळखीतल्या दोघा-तिघांच्या सायकली मी चालवून पाहिल्या. टायर अंगठ्याने दाबले जात होते, आणि एकीचा मागचा ब्रेक तर सतत लागलेला होता.

म्हणून महिन्याचं पहिलं काम म्हणजे मोटर बंद करून सायकल चालवणं. स्टेडियमजवळच्या सपाट रस्त्यावर सकाळी गर्दी नसताना एक फेरी. माझ्या मोटरच्या आत दातेरी चाकं आहेत आणि तिला स्वतःचं फ्रीव्हील आहे, त्यामुळे बंद मोटर चाकाला धरून ठेवत नाही. सायकल फक्त जड, पण मोकळी चालते. जो काही अडथळा जाणवतो तो सायकलचाच. कान उघडे ठेवले की अर्धं निदान तिथेच होतं. दर फेऱ्याला एकदाच ‘खर्र’ वाजलं तर डिस्क कुठेतरी वाकलीय. सारखं वाजत राहिलं तर ब्रेकपॅड चिकटलाय. पायडल मारतानाच कुरकुर येत असेल तर चेन, आणि पायडल थांबवूनही येत असेल तर चाकाकडे बघायचं.

हवेबद्दल फार लिहीत नाही. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, आणि हातपंपाबरोबर दाब दाखवणारा काटा असला तर अंदाजाचा प्रश्न उरत नाही. गाडीचा भार जास्त, त्यामुळे कमी हवेत खड्डा बसला की ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. आठवड्यातून एकदा हवा. बस.

चेनचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे डोळ्यांना काही दिसत नाही. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच, शाळेतल्या फुटपट्टीएवढ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचं, पायडल किंचित दाबून चेन ताणायची आणि बाराच्या रेघेवर काय आहे ते पाहायचं. नवी चेन असेल तर तिथे पिनेचा मध्य येतो. चेन जुनी होते तशी पिनांभोवतीची भोकं झिजतात आणि ती लांबते. पिन बाराच्या रेघेच्या एक-षोडशांश इंच पुढे गेली की मी नवी चेन आणते. अष्टमांश इंच गेली असती तर नुसत्या चेनने भागलं नसतं; लांबलेल्या चेनने तोवर गिअरचे दातेही आपल्या मापाने खाल्लेले असतात, आणि नवी चेन त्या जुन्या दातांवर उड्या मारते. चेन काही शेकड्यांत येते, तिच्याबरोबर मागचा सात गिअरचा गुच्छही बदलायचा झाला तर खर्च दुपटीच्या पुढे जातो. पट्टी लोखंडी असावी. प्लॅस्टिकच्या पट्टीवर सोळाव्या हिश्शाच्या रेघा बऱ्याचदा पुसट असतात आणि माझ्या चष्म्याला त्या दिसत नाहीत.

तेल घालण्याआधी चेन पुसायची असते, हे सांगावं लागतं. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर थोडं डिझेल, जुना दातांचा ब्रश आणि सुती कापड. मागच्या गिअरखाली दोन छोटी चाकं असतात, त्यांच्या दातांत काळा लगदा बसतो. तो काडीने उकरून काढला की निम्मा आवाज जातो. चेन वाळू द्यायची, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. तेल हवं ते कडीच्या आत. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि धूळ-तेलाचं मिश्रण कानशीसारखं काम करतं. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालतं, पण ते पातळ, साताऱ्याच्या पावसात दोन दिवसांत धुऊन जातं; पावसाळ्यात जरा जाड तेल आणि दर आठवड्याला. एका शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने खोबरेल सुचवलं होतं. डिसेंबरात आमच्याकडे खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, तेव्हा त्याबद्दल अधिक बोलत नाही.

आणि हे सगळं करताना मागच्या डिस्कवर कापड टाकून ठेवायचं. डिस्कला तेलाचा हात लागला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटने डिस्क पुसली की बहुतेक वेळा काम होतं. पॅडवर तेल मुरलं असेल तर पॉलिश पेपरवर घासून बघायचं, नाहीतर पॅड बदलायचे. राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत उतरताना पिशवीत लोकांचे पैसे आणि खाली वीस-बावीस किलोची सायकल असते, तेव्हा मी ब्रेकच्या बाबतीत काटकसर करत नाही. पॅड किती उरलेत ते कॅलिपरच्या फटीतून मोबाइलच्या उजेडात दिसतं. नुसत्या पॅडच्या मसाल्याची जाडी मिलिमीटरभर राहिली की बदलायचे. ब्रेकची दांडी हँडलपर्यंत येऊ लागली तर आधी केबलवरचा फिरकीचा स्क्रू अर्धा फेरा सोडायचा, म्हणजे केबल ताणली जाते. आतल्या बाजूचा पॅड मात्र केबलने हलत नाही. तो पाच नंबरच्या ॲलन कीने चावीसारखा फिरवून डिस्कजवळ आणावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे लोक केबल ताणत बसतात, डिस्क एका बाजूला वाकत राहते आणि ब्रेक तो तसाच. उतार उतरून आल्यावर डिस्कला बोट लावून पाहू नका. पोळतं.

आता चाचांबद्दल. घराजवळच्या चौकात सायकल दुरुस्तीचं त्यांचं जुनं दुकान आहे. माझ्या मुलांच्या सायकलींचं ओव्हरऑइलिंग त्यांनीच केलं. पण ही सायकल घेऊन गेले, मागचा एक आरा तुटला होता, तेव्हा त्यांनी हात वर केले. ‘वहिनी, ही करंटची गाडी. काय झालं तर माझ्यावर येईल.’ मी ती तशीच इलेक्ट्रिक गाड्यांच्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलाला लॅपटॉपवरून सगळं कळत होतं, आरा बांधता येत नव्हता. चाक आख्खं बदला म्हणाला. असा हा प्रकार आहे: ज्याला वीज कळते त्याला चाक कळत नाही आणि ज्याला चाक कळतं तो विजेला भितो. परत चाचांकडे गेले, पण बॅटरी काढून घरी ठेवून. म्हटलं, ‘आता यात करंट कुठाय दाखवा.’ त्यांनी बॅटरीची रिकामी खाच बघितली, वाकून हबकडे बघितलं, आणि पाना उचलला.

अडचण आऱ्याच्या मापाची निघाली. मोटरमुळे हब ताटलीएवढा मोठा, त्यामुळे रिमपर्यंतचं अंतर कमी. दुकानात टांगलेले आरे सगळे लांब. शिवाय मोटरच्या चाकाचे आरे जाड, बारा-तेरा गेजचे. साध्या सायकलीचे चौदाचे. शेवटी चाचांनी तुटलेला आरा मापाला ठेवून घेतला आणि पुण्याहून डझनभर मागवले. चाकाचा आउट काढायला त्यांना कुठलं यंत्र लागत नाही. सायकल उलटी, अंगठा रिमला टेकवलेला, चाक फिरतंय, आणि जिथे रिम अंगठ्याला लागेल तिथे चावीचा पाव फेरा. मला त्यांनी एक गोष्ट शिकवली ती मी दर महिन्याला करते: दोन-दोन आरे चिमटीत दाबत चाकभर जायचं, मग नखाने एकेक वाजवायचा. एकाच बाजूचे आरे साधारण एकाच सुरात वाजतात. एखादा बद्द वाजला तर तो ढिला, आणि ढिल्या आऱ्याचा भार शेजारच्यावर येऊन तुटतो तो शेजारचा. आउट मी स्वतः काढत नाही. ते काम चाचांचं.

त्याच सुमारास ॲक्सलच्या नटांकडेही लक्ष गेलं. हबमोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःच्या ॲक्सलला उलटं फिरवू पाहते. ॲक्सल दोन बाजूंनी चपटा असतो आणि नटाखाली एक दात असलेला वॉशर असतो, ते याच्यासाठी. नट सैल पडला तर ॲक्सल फ्रेमच्या खाचेत फिरतो, खाच उघडते आणि ॲक्सलमधून बाहेर येणारी मोटरची वायर पिळून तुटते. दर महिन्याला अठराचा पाना लावून दोन्ही नट घट्ट आहेत का पाहणं, यात अर्धं मिनिट जातं. ही हबमधल्या मोटरची कल्पना काही आजकालची नाही. ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने १८९५ साली मागच्या चाकात मोटर आणि फ्रेमच्या मधोमध बॅटरी अशा सायकलचं पेटंट घेतलं होतं. पायडल मारलं की मोटरने हातभार लावायचा, ही पद्धत मात्र यामाहाने १९९३ साली बाजारात आणली.

आता विजेच्या भागाचं. तिथला मुख्य प्रसंग जुलैतला. १२ तारीख असेल, यवतेश्वराकडून दिवसभर भुरभुर चालू, आणि खालच्या रस्त्यावर मोटरचं सायकल ढकलणं बंद झालं. डिस्प्ले चालू, बॅटरीच्या काड्या भरलेल्या, पायडल मारा, ॲक्सिलरेटर पिळा, मोटर ढिम्म. एका दुकानात दाखवली. दोन मिनिटांत निकाल: ‘कंट्रोलर गेला काकू. मागवावा लागेल, आठ दिवस, तीन हजार.’ हप्त्यांचे शेवटचे तीन दिवस उरले असताना मला आठ दिवस परवडणारे नव्हते. घरी ढकलत आणली आणि पोर्चमध्ये स्टुलावर बसून बघत राहिले. डिस्प्लेच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह उजळलेलं होतं, गोल आणि त्यात उद्गारचिन्ह. ते ब्रेकचं. मी तर ब्रेक दाबलेला नव्हता.

ई-सायकलच्या ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरचा पुरवठा तोडतो, कारण ब्रेक आणि मोटर एकाच वेळी लागले तर माणूस रस्त्यावर पडेल. माझी डावी दांडी नीट परत येत नव्हती. बिजागरीत पावसाची लाल माती जाऊन बसली होती. डोळ्यांना फरक दिसेना. उजव्या दांडीशेजारी धरून पाहिली तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरची तफावत. बोटाने दांडी पुढे ढकलली. चिन्ह विझलं. मागचं चाक उचलून पायडल फिरवलं, मोटर घरघरली. खात्रीसाठी दांडीतून निघणाऱ्या स्विचच्या वायरीचा जोड सोडून पाहिला: दांडी कशीही असली तरी मोटर चालू. जोड परत लावला, बिजागरी ब्रशने साफ केली, तेलाचा एक थेंब दिला, गंजलेली ब्रेककेबल दुसऱ्या दिवशी चाचांकडून बदलली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार! कंट्रोलर आजही तोच आहे.

तेव्हापासून मोटर थांबली की माझा क्रम ठरलेला. आधी बॅटरी खाचेत पूर्ण बसलीय का, किल्ली फिरलीय का. मग दोन्ही ब्रेकच्या दांड्या. मग पायडलच्या मुळाशी असलेली लोहचुंबकांची चकती. पायडल फिरतंय हे मोटरला तिच्यावरून कळतं, आणि चकती व तिच्यासमोरचा सेन्सर यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचीच फट असते. तिथे चिखल भरला किंवा चकती सरकली, तर ॲक्सिलरेटरवर मोटर चालते आणि पायडलवर चालत नाही. एवढ्या एका खुणेवरून हा दोष ओळखता येतो. शेवटी वायरींचे जोड. त्यांच्यावर बाण असतात, बाणासमोर बाण ठेवून सरळ दाबायचे, पिळायचे नाहीत. आतल्या पिना वाकतात. एवढं करूनही चाललं नाही तरच दुकान.

पावसात जपायचं ते जोडच. वायरीवरून पाणी ओघळत जोडात शिरू नये म्हणून जोडाच्या आधी वायरीला खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलातून ठिबकतं. सायकल धुवायची ती बादली आणि फडक्याने, बॅटरी काढून, तिच्या खाचेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. गाड्या धुणाऱ्यांच्या प्रेशर पंपाखाली कधीही नाही. माझ्या मोटरवर ‘आयपी ५४’ लिहिलंय. त्यातला पाच धुळीचा आणि चार पाण्याचा. चार म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, पाण्याची धार नाही.

पंक्चरची धास्ती बऱ्याच जणांना असते, कारण मागचं चाक काढायचं म्हणजे मोटरची वायर सोडायची, नट काढायचे, वॉशर कसे होते ते लक्षात ठेवायचं. पण चाक काढायचं कशाला? सायकल जुन्या गोधडीवर आडवी घालायची, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवायची आणि ट्यूब बाहेर ओढायची. भोक सापडलं की घासायचं, सोल्यूशन लावून वाळेपर्यंत थांबायचं, ठिगळ दाबायचं. टायरच्या आतून बोट फिरवायला विसरायचं नाही. काटा किंवा काच तिथेच बसलेली असते. ट्यूबच बदलायची असेल तेव्हा मात्र चाक काढण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि बॅटरी. माझी बॅटरी म्हणजे एका ओळीत दहा सेल, प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा, म्हणून चार्जरवर ४२ व्होल्ट लिहिलेलं असतं. आत मावते ती वीज साधारण २८० वॉट-तास; चार्जरमधलं नुकसान धरून एका युनिटची तिसरी वाटणी. दोन दिवसांच्या फिरतीला तीन-चार रुपये. हा लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणला, आणि तो शोधणाऱ्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याची घरातली निगा म्हणजे मुख्यतः काय करायचं नाही याची यादी. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, अर्धा तास निवू द्यायची. रात्रभर लावून झोपायचं नाही. गादीवर, सोफ्यावर, दाराच्या वाटेत नाही; माझी फरशीवर असते, लोकांची पासबुकं ठेवलेल्या कपाटापासून लांब. दुसऱ्या गाडीचा चार्जर, पिन बसते म्हणून लावायचा नाही. मे महिन्यात लेकीकडे जाते तेव्हा बॅटरी निम्मी भरून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवते. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी महिनाभर पडून राहिली तर लवकर म्हातारी होते, आणि पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाने त्याहून लवकर.

डिस्प्लेवरच्या काड्यांना फार मनावर घेऊ नका. चढावर चारच्या दोन होतात आणि सपाटीवर पुन्हा तीन. वीज परत येत नाही. भार पडला की व्होल्टेज दबतं, भार हटला की सावरतं. सपाटीवर थोडं थांबून दिसतात त्या काड्या खऱ्या.

बॅटरी उघडायची मात्र नाही. मी नाही, चाचा नाहीत, आणि ‘सेल बदलून स्वस्तात करून देतो’ म्हणणारा कुणीही नाही. पडली, फुगली, वास आला, वाजवीपेक्षा गरम लागली, तर चार्जिंगला लावायची नाही, घराबाहेर मोकळ्यावर ठेवायची आणि विकणाऱ्याला बोलवायचं. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २०२२च्या नियमांनी बनवणाऱ्यावर टाकलेली आहे. भंगारवाल्याला देऊ नका.

माझ्या एका खातेदार काकू हे सगळं ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे ही पण आरडीच की गं, दर महिन्याला थोडं थोडं!’ मला ते पटलं नाही. आरडीत व्याज मिळतं. इथे फक्त चाचांचं बिल कमी येतं.

ई-सायकल विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे. गाडीबरोबर तुम्ही मोबाइल होल्डर देता, टोपी देता, डिस्प्लेचं जाड पुस्तक देता. त्याऐवजी अठराचा पाना, पाच नंबरची ॲलन की आणि मागच्या चाकाच्या मापाचे चार आरे द्या.